दिवाळीआधीचे वीस दिवस खरेदीतून सोडवता येतात का?

सातवीण:

दसऱ्यापासून दिवाळीपर्यंत जेमतेम वीस दिवस मिळतात. हवा बदललेली असते, पहाटे थोडा गारवा, संध्याकाळी सातविणीचा वास. वर्षातले सगळ्यांत चांगले दिवस. आणि ते आपण कशात घालवतो? शनिवार-रविवार बाजारात. मधल्या रात्री जेवणं उरकली की घरातला प्रत्येक जण आपापल्या फोनवर सेल चाळत बसतो. हा रंग की तो, आज घ्यावं की शेवटच्या दिवशी भाव आणखी उतरेल, कोणत्या कार्डावर किती सूट. मग खोकी येतात, मापात न बसलेलं परत करायचं, ते न्यायला येणाऱ्या माणसासाठी कुणीतरी घरी थांबायचं. वसुबारस उजाडेपर्यंत सगळे दमलेले. भाजणी भाजायला कुणाच्या अंगात त्राण नसतं.

खरेदीत पैसे जातात हे सगळेच बोलतात. मला त्याहून जास्त सलतं ते हे, की तिच्यात सणाचा वेळ जातो. मुलं दहावी-अकरावीला गेली की त्यांच्याबरोबर किल्ला करायची दिवाळी कुठल्याही सेलमध्ये परत मिळत नाही.

पूर्वी दिवाळीला खरेदी नव्हती असं मी म्हणत नाही. बहुतेक घरांत नवे कपडे दिवाळीलाच व्हायचे. पण त्या खरेदीला शेवट होता. कापड आणलं, शिंप्याकडे टाकलं, विषय मिटला. ६ ऑक्टोबर २०१४ ला फ्लिपकार्टने पहिला 'बिग बिलियन डे' केला, तेव्हा तोही नावाप्रमाणे एकाच दिवसाचा होता. आता असे सेल घटस्थापनेच्या आसपास सुरू होतात आणि नावं बदलत दिवाळीपर्यंत चालू राहतात. दुकान खिशातच असल्यामुळे ते बंद व्हायची वेळ येतच नाही.

सणाचे स्वतःचे दिवस बघा. धनत्रयोदशीला धन्वंतरीला धणे-गुळाचा नैवेद्य, संध्याकाळी यमासाठी कणकेचा दिवा, ज्योत दक्षिणेकडे. नरकचतुर्दशीला उटणं, तेल आणि पहाटे उठणं. लक्ष्मीपूजनाला साळीच्या लाह्या, बत्तासे, नवी केरसुणी. पाडव्याला आणि भाऊबीजेला ओवाळणं. यातल्या कशालाच मोठा खर्च नाही. प्रत्येकाला लागतात ते हात, आणि घरात असलेली माणसं.

आमच्याकडे आता असं चालतं. घटस्थापनेच्या सुमारास यादी होते, फ्रिजवर लागते. बाजाराची एकच फेरी, तीही दसऱ्याच्या आधी. खरेदीची अॅप सगळ्यांच्या फोनवरून काढून टाकायची, तुळशीचं लग्न झाल्यावर ज्याला हवी त्याने परत घ्यावीत. यादीत राहून गेलेलं काही आठवलं तर ते पुढच्या वर्षी. मोकळे झालेले शनिवार किल्ल्याला आणि फराळाला.

किल्ल्याबद्दल थोडं सांगते, कारण खरी मजा तिथेच आहे. आमच्या सोसायटीत तयार प्लास्टरचे किल्ले आणून ठेवायची पद्धत पडली होती. आता मुलं मातीचाच करतात. खाली विटांचे तुकडे आणि दगड, त्यावर भिजवलेलं गोणपाट, त्यावर चिखलाचा हात. गेल्या वर्षी राजगड होता. पद्मावती आणि सुवेळा माची पटकन जमल्या. संजीवनी माची अडली, कारण तिची तटबंदी दुहेरी, चिलखती आहे. दोन भिंती आणि मधून एक माणूस जेमतेम जाईल एवढी फट. मातीत ती फट राहीना, भिंती एकमेकींवर कलायच्या. शेवटी सातवीतल्या एका मुलाने लाकडी फूटपट्टी उभी धरून दोन्ही बाजूंनी माती लावली, ती अर्धवट सुकू दिली आणि मग पट्टी हळूच वर ओढून घेतली. फट राहिली! सगळी पोरं ओरडली. मग बालेकिल्ल्याच्या उतारावर अळीव पेरले. ते चार-पाच दिवसांत हिरवे होतात, म्हणून पेरणीचा दिवस वसुबारसेवरून मागे मोजून ठरवावा लागतो. हे गणितही मुलांनीच केलं.

तुमच्याकडे काय करता? खरेदी कमी केली असेल तर कशी, आणि त्या जागी काय आलं, ते लिहा. पैशांच्या बचतीपेक्षा मला ते ऐकायला जास्त आवडेल.


फडकेरोडकर:

ताई, पट्टीची युक्ती भाच्याला सांगितली, त्याच्याकडे यंदा सिंधुदुर्ग आहे.

आमच्या डोंबिवलीची दिवाळी म्हणजे फडके रोड. नरकचतुर्दशीला पहाटे अभ्यंगस्नान झालं की गणपतीचं दर्शन आणि मग रस्ताभर नुसती माणसं. शाळेतले, कॉलेजातले, लोकलच्या ग्रुपमधले, वर्षभर फोनवरही न भेटलेले. तिथे काही विकत घ्यायला कुणी येत नाही. उभं राहायचं, गप्पा मारायच्या, कुणाच्या तरी घरी फराळाला जायचं. माझे कितीतरी मित्र नोकरीसाठी बाहेर गेलेत, ते या सकाळीसाठी तिकिटं काढून येतात. ठाण्यात राम मारुती रोड आणि तलावपाळीलाही हेच दिसतं.


हिशेबनीस:

वेळेचा मुद्दा पटला. पण पैशांचंही एक लिहू द्या, कारण दिवाळीच्या खरेदीतला मोठा भाग आता हप्त्यांवर होतो आणि 'नो कॉस्ट ईएमआय' हा शब्द ऐकून लोक निश्चिंत होतात.

बँक व्याज घेतेच. दुकानदार किंवा कंपनी व्याजाएवढी सूट आधी देते, म्हणून बेरीज छापील किमतीएवढी दिसते. समजा क्रेडिट कार्डावर घेतलेला ३०,००० चा फोन, सहा हप्ते, बँकेचा दर वर्षाला १५ टक्के. त्यात व्याज साधारण १,२७० रुपये बसतं. ते सुटीतून वळतं झालं तरी त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी लागतो, म्हणजे सुमारे २३०. वर प्रोसेसिंग फी आणि तिच्यावरही जीएसटी. शिवाय तोच फोन रोखीने घेतला असता तर कदाचित ती १,२७० ची सूट थेट मिळाली असती, हे कुणी विचारतच नाही. दुकानात जाऊन 'ईएमआय नको, एकरकमी देतो, किती कमी कराल?' एवढं विचारून बघा.

रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०१३ मध्ये 'शून्य टक्के व्याज' असं सांगून कर्ज देण्याला मनाई केली होती, ती याच कारणाने. व्याज शून्य नसतं, ते दुसऱ्या नावाखाली बसवलेलं असतं.

आणि हप्ता सहा महिने चालतो. म्हणजे दिवाळीचा फोन गुढीपाडव्यापर्यंत पगारातून कापला जातो.


पेठेतला_पोरगा:

सगळ्यांचं वाचलं. आता दुसरी बाजू मांडतो, राग मानू नका.

आमचं तालुक्याच्या गावात कापडाचं दुकान आहे. आजोबांनी टाकलेलं. दिवाळीचा एक महिना आमचं पुढचं निम्मं वर्ष ओढतो. दोन कामगार आहेत, त्यांचा बोनस याच गल्ल्यातून निघतो. 'साधी दिवाळी' करायचं ठरवणारी माणसं मी बघतो. ती आधी काय बंद करतात? आमच्याकडे येणं. फोनवरचं मागवणं तसंच राहतं, कारण ते त्यांना खरेदी वाटतच नाही, बसल्या बसल्या होतं. गल्लीतला शिंपी गेला, साडीला फॉल-पिको करणाऱ्या बायका कमी झाल्या. आमच्या बाबांना गावातल्या निम्म्या घरांतल्या पोरांची मापं तोंडपाठ आहेत. ती ओळख खरेदीतूनच झाली. तेव्हा सगळी खरेदी एका मापाने मोजू नका एवढीच विनंती.


सातवीण:

@पेठेतला_पोरगा, राग कसला? हे कुणीतरी लिहायलाच हवं होतं, आणि तुमच्याइतकं नेमकं दुसऱ्या कुणाला जमलं नसतं.

तुमच्या दुकानातली खरेदी मला सणाचाच भाग वाटते. तिथे घरातले सगळे एकत्र जातात, तासाभरात कपडे होतात, बाबा चहा मागवतात. ती संपते. रात्री एकट्याने चाळत बसण्याची गोष्ट वेगळी आहे, आणि माझं म्हणणं तिच्याबद्दल आहे. आमच्या यादीची फेरी अशाच दुकानांतून होते. पणत्या कुंभाराकडून, केरसुणी शिंदीच्या पानांची, ज्या बाई ती बांधतात त्यांच्याकडून. मुंबईत राहणाऱ्यांनी धारावीच्या कुंभारवाड्यात दिवाळीच्या आधी एकदा तरी मुलांना घेऊन जावं. भट्ट्यांचा धूर, गल्लीभर वाळत घातलेल्या पणत्या, आणि चाकावरून पणती उतरताना बघणं. घासाघीस मात्र करू नये. ज्या पणतीसाठी माती मळणं, चाक, वाळवणं आणि भट्टी एवढं सगळं लागतं, तिच्या रुपया-दोन रुपयांवरून वाद घालणं मला बघवत नाही.


वैनगंगाकाठ:

तुमची सगळी चर्चा पुण्या-मुंबईची चालली आहे, म्हणून भंडाऱ्याकडचं सांगतो.

आमच्याकडे दिवाळीची खरी रंगत लक्ष्मीपूजनानंतर सुरू होते. पाडव्याला गायगोधन. गोवारी बांधव गाई सजवतात, गावातून वाजतगाजत नेतात. आणि मग मंडई, म्हणजे आमच्याकडची गावजत्रा. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली भागात गावोगावच्या मंडईच्या तारखा ठरलेल्या असतात. मुली माहेरी येतात, सोयरे जमतात, लग्नाची बोलणीसुद्धा मंडईत निघतात. दिवसा दंडार, खडी गंमत असे लोकनाट्याचे खेळ, आणि रात्री नाटक. वडसा म्हणजे देसाईगंज हे या झाडीपट्टी रंगभूमीचं, म्हणजे आमच्या भागातल्या नाटकांचं केंद्र, तिथूनच बहुतेक मंडळ्यांची बुकिंग होतात. नाटक रात्री उशिरा सुरू होतं आणि पहाटेपर्यंत चालतं. धान कापणीला आलेला असतो किंवा नुकता कापलेला, थंडी पडलेली असते, आणि अख्खं गाव ब्लँकेटं घेऊन मंडपात. शंकरपट, म्हणजे बैलांच्या शर्यती, भरतो तोही याच हंगामाच्या पुढेमागे.

मी नागपुरात नोकरी करतो. माझी मुलं मॉलला जायला कंटाळतात, पण मंडईला चल म्हटलं की बॅग भरून तयार. आजीच्या मांडीवर डोकं ठेवून अर्धं नाटक झोपेत बघतात आणि सकाळी सगळी गोष्ट सांगतात.


डिचोलीचो:

वैनगंगाकाठ, तुमची मंडई बघायला यायचं ठरवलंय!

आमच्या गोव्यात दिवाळी म्हणजे फोव. नरकचतुर्दशीच्या पहाटे नरकासुर जाळला, अंगणात तुळशीपाशी कारीट हे कडू फळ फोडलं, आंघोळ झाली, की पोहे. नारळाच्या रसातले गूळ घातलेले, दह्यातले, ताकातले, दुधातले, बटाट्याचे. एकेका घरात पाच-सहा तऱ्हा. पोहे नव्या भाताचे. आणि ते नुसते आपल्या घरी खायचे नसतात, वाड्यावर घरोघरी जाऊन खायचे. प्रत्येक घरात थोडे खाल्लेच पाहिजेत. दुपारी जेवायला जागा राहत नाही.

नरकासुराबद्दल मात्र वाईट वाटतं. आम्ही पोरं सुकं गवत, जुने कपडे, रद्दी जमवून तो करायचो, कित्येक रात्री त्यात जायच्या. आता तयार मुखवटे विकत मिळतात, स्पर्धांची मोठी बक्षिसं, रात्रभर कानठळ्या बसवणारं संगीत. आमच्या वाड्यावर यंदा ठरलंय की मुखवटासुद्धा कागदाच्या लगद्याचा, मुलांनीच करायचा. लगद्यात मेथीची पूड घातली की कीड लागत नाही असं आई सांगते. दोन बादल्या लगदा भिजत पडलाय.


राधेची_आई:

वाचून छान वाटतंय, पण माझी अडचण कुणाला विचारू? मुलगी चौथीत. वर्गात दिवाळीनंतर पहिला प्रश्न असतो, 'तुला काय काय मिळालं?' आणि सगळ्या मुली यादी वाचतात. मी घरी कितीही ठरवलं तरी तिने तिथे गप्प बसावं असं मला वाटत नाही.


खडूफळा:

राधेची आई, मी प्राथमिक शाळेत शिकवते, तुमची अडचण रोज बघते.

मुलांना सांगण्यासारखं काहीतरी हवं असतं. ते वस्तूच असायला हवं असा त्यांचा हट्ट नसतो, आपण तशी सवय लावतो. आमच्या शाळेत दिवाळीनंतरच्या पहिल्या तासाला मी विचारते, 'तू स्वतःच्या हाताने काय केलंस?' पहिल्या वर्षी चार हात वर आले. आता वर्गाला आधीच माहीत असतं की बाई हेच विचारणार, त्यामुळे सुट्टीत करतात. कुणी करंजीला मुरड घातलेली असते, कुणी कंदील केलेला असतो. एका मुलाने आजोबांबरोबर घराला गेरूचा पट्टा मारला होता, ते तो इतकं रंगवून सांगत होता की मधली सुट्टी झाली तरी कुणी उठेना.

तुम्ही वर्गशिक्षिकेशी बोलून बघा. बहुतेक जणी आनंदाने ऐकतील. आणि घरी कंदील करा. बांबूच्या काड्या, दोरा, पतंगाचा कागद, खळ. षटकोनी सांगाडा बांधायला वेळ लागतो, आणि काड्या बांधताना मुलं जेवढ्या गोष्टी सांगतात तेवढ्या एरवी विचारूनही सांगत नाहीत.


राधेची_आई:

बाई, उद्याच भेटते त्यांना. आणि कंदिलाला लागलोच आम्ही. खळ मैद्याची करू की साबुदाण्याची?


खडूफळा:

मैद्याची, चिमूटभर मोरचूद घालून करायचे पूर्वी, पण तो विषारी असतो, मुलांच्या हाताखाली नकोच. नुसती मैद्याची ताजी करा, त्याच दिवशी वापरून टाका.


सिएटलची_सई:

इथे दिवाळी होते आणि महिन्याभरात ब्लॅक फ्रायडे, म्हणजे थँक्सगिव्हिंगनंतरच्या शुक्रवारचा मोठा सेल येतो, त्यामुळे तुम्ही लिहिताय ते मला दोनदा भोगावं लागतं. पण इथे त्याविरुद्ध उभी राहिलेली माणसंही आहेत, त्यांचं सांगते.

टेड डेव्ह नावाच्या कॅनडातल्या कलावंताने १९९२ मध्ये 'बाय नथिंग डे' सुरू केला. अमेरिकेत तो नेमका ब्लॅक फ्रायडेलाच पाळतात. त्या दिवशी काहीही विकत घ्यायचं नाही. २०१५ मध्ये आरईआय या डोंगरभटकंतीचं सामान विकणाऱ्या कंपनीने ब्लॅक फ्रायडेला आपली सगळी दुकानं बंद ठेवली, कर्मचाऱ्यांना भरपगारी सुट्टी दिली आणि लोकांना सांगितलं, बाहेर हिंडायला जा. विक्रीच्या सगळ्यांत मोठ्या दिवशी एखादं दुकान असं करू शकतं याचं मला फार अप्रूप वाटलं होतं.

आणि आमच्या शेजारच्याच बेनब्रिज बेटावर २०१३ मध्ये दोघींनी 'बाय नथिंग प्रोजेक्ट' सुरू केला, तो आता जगभर पसरलाय. आपल्या परिसरातल्या लोकांनी एकमेकांना वस्तू नुसत्या द्यायच्या, विकायच्या नाहीत, बदल्यात काही मागायचं नाही. माझ्या मुलीची पहिली सायकल अशीच आली. ती घ्यायला गेले आणि त्या आजींशी ओळख झाली. आता दर दिवाळीला त्यांच्याकडे चिवडा जातो, आणि डबा परत येताना त्यात त्यांच्या झाडाची सफरचंदं असतात.


कोडकरी:

मी सॉफ्टवेअरमध्ये आहे, त्यामुळे सातवीण यांच्या 'अॅप काढून टाका' या सल्ल्याला माझा भक्कम पाठिंबा. 'फक्त दोनच शिल्लक', उलटं धावणारं घड्याळ, टोपलीत आपोआप आलेली एखादी वस्तू, हे सगळं मुद्दाम बसवलेलं असतं. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२३ मध्ये अशा १३ क्लृप्त्यांची यादी करून त्यांना मनाई केली आहे. खोटी घाई दाखवणं, न विचारता टोपलीत भर घालणं, शेवटच्या पानावर किंमत वाढवणं, 'नको' म्हणणाऱ्याला लाजवणारी वाक्यं, हे त्यातच येतं. असं काही दिसलं तर स्क्रीनशॉट काढा आणि १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करा. मी करतो.

इच्छाशक्तीच्या भरवशावर राहू नका. समोर रोज दिवसभर हेच काम करणारे लोक बसलेत. फोनवर दुकानच नसणं हा सगळ्यांत सोपा उपाय.


अंकवेडी:

कुणी दिवाळी अंकांचं नावच काढलं नाही? १९०९ साली का. र. मित्रांनी 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढला, तेव्हापासूनची ही परंपरा. आपल्याइतके अंक सणाला दुसरं कुणी काढत असेल असं मला वाटत नाही. आणि ते सगळे विकत घ्यायची गरज नाही. बहुतेक मराठी वाचनालयांत दिवाळी अंकांची वेगळी योजना असते. एकदा वर्गणी भरली की काही महिने अंक बदलून आणायचे. आम्ही बिल्डिंगमधल्या काही जणी प्रत्येकी एक-दोन अंक घेतो आणि फिरवतो. अंकाच्या मागच्या पानावर वाचणारीने नाव आणि आवडलेल्या लेखाचा पान क्रमांक लिहायचा. माझ्या हातात अंक शेवटी येतो तेव्हा आधी तेच पान उघडते.


नवी_मुंबई_निवासी:

एक विचारायचंय. खरेदी कमी केली की हातात थोडे पैसे राहतात. आमच्याकडे घरकामाला येणाऱ्या मावशींना दिवाळीला साडी आणि मिठाईचा बॉक्स द्यायची पद्धत आहे. त्याऐवजी रोख द्यावे का? किती द्यावे? त्यांना वाईट तर वाटणार नाही?


हिशेबनीस:

रोखच द्या. कायद्याने कामगारांसाठी किमान बोनस वर्षाच्या पगाराच्या ८.३३ टक्के आहे, म्हणजे बारावा हिस्सा. घरकाम करणाऱ्या बाईला तसा बोनस मागायची सोय नाही, पण हिशेब तोच लावावा. एका महिन्याचा पूर्ण पगार.


सातवीण:

हिशेबनीसांशी सहमत, आणि दोन गोष्टी जोडते. पैसे वसुबारसेच्या आधी द्या, निदान आठवडाभर. लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी हातात ठेवले तर त्यांना त्या पैशांतून मुलांचे कपडे, तेल, रवा काहीच वेळेवर आणता येत नाही. साडी द्यायची पद्धत मोडायची नसेल तर पाडव्याला ओटी भरून द्या, पण या रोख बोनसच्या बदल्यात नको.

दुसरं म्हणजे सुट्टी. आपल्याकडे पाहुणे असतात म्हणून नेमकी त्याच दिवसांत त्यांना जास्तीची भांडी पडतात. नरकचतुर्दशीच्या सकाळी त्या आपल्याकडे राबत असतील तर त्यांच्या घरी अभ्यंगस्नान कोण घालणार? आमच्याकडे नरकचतुर्दशीपासून भाऊबीजेपर्यंत पगारी सुट्टी असते, भांडी आम्ही आळीपाळीने घासतो. कुणाची पाळी कधी, तेही यादीशेजारी फ्रिजवर लावलेलं असतं. मावशींना सुट्टीचे दिवस दसऱ्यालाच सांगून टाका, म्हणजे माहेरी जायचं असेल तर त्यांना एसटीचं आरक्षण करता येईल.


नवी_मुंबई_निवासी:

हे बरं सांगितलंत. आजच बोलते त्यांच्याशी. त्यांचं माहेर चिपळूणजवळ आहे, आणि दिवाळीत त्या कधी गेल्याच नाहीत असं परवाच म्हणत होत्या.